उरलेला अर्धा

मी पायाळू आहे. जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आले. आमच्याकडं पायाळू माणसाच्या वाट्याला तीन गोष्टी ठरलेल्या असतात. कंबर धरलेली माणसं पाठीला पाय लावून घ्यायला येतात. आभाळ गडगडलं की आजी अंगणातून घरात ओढते, कारण वीज म्हणे पायाळूवर पडते. आणि कधीतरी कुणीतरी गुप्तधन दाखव म्हणून बोलवायला येतं.

मला ते पहिलं बोलावणं आठव्या वर्षी आलं. शेजारच्या गावचे दोघं जण होते. त्यांच्या गावातल्या पडक्या गढीत रझाकारांच्या धामधुमीत कुणीतरी हंडा पुरून ठेवला होता. पायाळू पोरीच्या डोळ्यांत अंजन घातलं की तिला मातीखालचा हंडा दिसतो, असं त्यांनी ऐकलं होतं. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांनी दोघांना चहा पाजला आणि म्हणाले, "तिला अजून तेराचा पाढा दिसत नाही, तुमचा हंडा कुठून दिसायचा?" आम्ही घरात कित्येक वर्षं हा किस्सा हसत सांगायचो. त्यात काय काय होऊ शकलं असतं ते मोठेपणी कळलं. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तू, गुप्तधन आणि पाण्याचे स्रोत, तिन्हींच्या शोधासाठी केलेले अघोरी प्रकार एकाच ओळीत आलेत. लिहिणाऱ्याला आमचा मुलूख चांगला माहीत असणार.

दुसरं बोलावणं गेल्या दिवाळीत आलं. धाकट्या बहिणीचा मुलगा पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो. पाडव्याला लातूरला आला, फराळाच्या ताटाशेजारी लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "मावशी, तू बँकेत होतीस. हे जरा बघून दे ना." पडद्यावर एक उघडाबोडका डोंगर, त्याच्या कडेला पिवळं हेल्मेट घातलेला माणूस, आणि वर सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव. कॅनडाच्या शेअर बाजारात नोंदलेली छोटी कंपनी, डोंगर दक्षिण अमेरिकेत, आत सोनं आणि चांदी. खाण अजून सुरू नाही. खाण होईल अशी आशा आहे आणि त्या आशेचे शेअर आहेत. भाच्याला त्यात सहा लाख टाकायचे होते. २०२५ साली सोन्यानं तोळ्याला लाखाचा आकडा ओलांडल्यापासून त्याच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर दुसरा विषयच नव्हता म्हणे.

मी ग्रामीण बँकेत तेहतीस वर्षं काढली. विहिरीला कर्ज दिलं, म्हशीला दिलं, ट्रॅक्टरला दिलं, सोन्यावर दिलं. सोनं जमिनीत असताना त्याच्यावर द्यायची वेळ कधी आली नव्हती. तरी म्हटलं, ठेवून जा. निवृत्त माणसाला कुणी काही वाचायला दिलं की बरं वाटतं, हेही त्यातलं खरं कारण.

आमच्या मातीत सोनं नाही, ही गोष्ट इथं सगळ्यांना माहीत असते आणि कुणालाच पटलेली नसते. 'जालना, सोने का पालना' म्हणतात, पण ते सोनं बाजारपेठेचं. पायाखाली आहे तो काळा पाषाण, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला. त्याच्याखाली काय आहे हे लातूर जिल्ह्यानं एकदा नीट पाहिलंय, आणि तेही फार मोठी किंमत देऊन. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. ३३८ मीटरपर्यंत काळा पाषाण लागला, मग जेमतेम ८ मीटर गाळाचा थर, आणि त्याखाली अडीच अब्ज वर्षांपूर्वीचा खडक. दक्षिणेला रायचूरकडं उघड्यावर दिसतो तो याच जुन्या कुळातला. त्या कुळातल्या काही हिरवट पट्ट्यांमध्ये सोनं आहे. हट्टीची सोन्याची खाण तिथलीच, रायचूर जिल्ह्यातली. १९५६पर्यंत रायचूर आणि आम्ही एकाच हैदराबाद राज्याच्या नकाशात होतो, म्हणून माझे आजोबा हट्टीला 'आपली खाण' म्हणायचे. ते कधी तिथं गेले नव्हते. त्याच भागात सोनं शोधत फिरणाऱ्या बीडन नावाच्या इंग्रज इंजिनिअरला १९१५ साली मस्कीला एका खडकावर कोरलेली अक्षरं दिसली आणि जुन्या शिलालेखांतला 'देवानांप्रिय' राजा म्हणजे अशोक, याचा पुरावा हाती लागला. सोनं शोधायला जावं आणि सम्राट सापडावा. सगळ्यांचं नशीब असं नसतं.

भाच्यानं ठेवलेला तांत्रिक अहवाल दोनशे ऐंशी पानांचा होता. प्रिंट काढून घेतली, कारण पडद्यावर वाचून मला काही कळत नाही. कॅनडात असा अहवाल द्यावाच लागतो. नियमाचं नाव 'नॅशनल इन्स्ट्रुमेंट ४३-१०१', ठरलेली सत्तावीस प्रकरणं, आणि खाली अनुभवी, पात्र तज्ज्ञाची सही. हा नियम १ फेब्रुवारी २००१ला लागू झाला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला आपल्याकडं कोलारची खाण बंद झाली. तीन किलोमीटरहून खोल गेलेली, शंभर वर्षांवर चाललेली खाण. तळात सोनं उरलं होतं, पण ते वर आणायचा खर्च सोन्याच्या किमतीपेक्षा जास्त झाला. जमिनीत सोनं असणं आणि त्यावर कुणाचं पोट भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे त्या अहवालातही लिहिलेलं असतं, मात्र बारीक अक्षरांत: हा साठा आर्थिकदृष्ट्या काढण्याजोगा असल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही. पहिल्या पानावरचा लाखो औंसांचा आकडा मात्र ठळक.

हा नियम का आला ते वाचायला घेतलं आणि दोन रात्री त्यातच गेल्या. ब्री-एक्स नावाची कॅल्गरीची कंपनी. बोर्निओच्या जंगलात बुसांग नावाच्या जागी तिला सोनं सापडलं, मग आणखी सापडलं, मग जगातला सर्वांत मोठा साठा सापडला. पैशांत मिळणारा शेअर पावणेतीनशे डॉलरच्या वर गेला आणि कंपनीची किंमत सहा अब्ज कॅनडियन डॉलर झाली. मग १९९७ साली फ्रीपोर्ट ही मोठी खाण कंपनी भागीदारीसाठी आली आणि तिनं एक साधी गोष्ट केली. ब्री-एक्सच्या छिद्रांच्या अगदी शेजारी स्वतःची छिद्रं घेतली. त्यांत सोनं जवळजवळ नव्हतंच. त्याच सुमारास, १९ मार्चला, कंपनीचा भूशास्त्रज्ञ मायकेल डी गुझमन हेलिकॉप्टरमधून खाली पडून मेला. मे महिन्यात स्वतंत्र तपासणीचा निकाल आला: नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं. ते सोनंही खडकातलं नव्हतं, नदीतलं होतं. वाहून वाहून कडा गोल झालेले कण. बुडालेल्यांत कॅनडातल्या शिक्षकांचा पेन्शन फंडही होता. मी स्वतः पेन्शनर आणि मास्तराची मुलगी, त्यामुळं हे वाक्य मी दोनदा वाचलं.

पण मला धरून ठेवलं ते वेगळ्याच तपशिलानं. खाणीच्या शोधात छिद्र घेतात तेव्हा आतून खडकाचा लांबच लांब गोल दांडा वर येतो, त्याला कोअर म्हणतात, आपण गाभा म्हणू. रीत अशी आहे की हा गाभा करवतीनं उभा चिरायचा. अर्धा प्रयोगशाळेत पाठवायचा, उरलेला अर्धा पेटीत जपून ठेवायचा, म्हणजे उद्या कुणी शंका घेतली तर तो चिरून पाहता येतो. बुसांगला जवळजवळ सगळाच गाभा चुरा करून पाठवत. उरलेला अर्धा नव्हताच. हजारो किलोमीटरचा विमानप्रवास करून लोक आले, डोंगर पाहिला, तंबू पाहिले, मोठमोठ्या कंपन्यांचे विश्लेषक आले, आणि 'उरलेला अर्धा कुठंय?' हा प्रश्न इतकी वर्षं फारसा कुणाला टोचला नाही.

मला टोचतो, त्याला कारण आहे.

१९८८ साली औसा तालुक्यात एका शाखेत मी शेती कर्ज पाहत होते. विहिरीचं कर्ज हप्त्यांनी द्यायचं असे. इतके फूट खोदाई झाली की दुसरा हप्ता, बांधकाम झालं की तिसरा. प्रत्येक हप्त्याआधी पाहणी. मी जीपनं जायचे, पदर खोचून विहिरीच्या काठावर उभी राहायचे आणि टेप आत सोडायचे. शाखेतली पहिली बाई अधिकारी. गावात गर्दी जमायची, पाण्यापेक्षा मला बघायला. एका शेतकऱ्यानं मला त्याची विहीर दाखवली. चाळीस फूट, तळाला निळंशार पाणी, शेजारी मोटार. मी टेप लावला, आकडे लिहिले, पाणी ओंजळीत घेऊन पिऊनसुद्धा पाहिलं. त्यानं ताक दिलं. तिसरा हप्ता मंजूर.

दीड वर्षानं वसुलीला गेलेल्या सहकाऱ्यानं येऊन सांगितलं, त्या गट नंबरात विहीर नाही. बारा-पंधरा फुटांचा खड्डा आहे, त्यात बाभळी उगवल्यात. मी पाहिलेली विहीर बांधापलीकडच्या चुलतभावाची होती. मी पाणी पाहिलं होतं, खोली मोजली होती, बांधकामाचे चिरे मोजले होते. विहीर खरी होती, माझे सगळे आकडे खरे होते. ती कुणाची आहे एवढंच मी पाहिलं नव्हतं. चतुःसीमा माझ्या पिशवीतल्या कागदावर होत्या. कागद बाहेर काढला नाही, कारण ऊन होतं आणि ताक गार होतं.

माझ्यावर ठपका आला. वरिष्ठांनी फार ताणलं नाही, बाई म्हणून नव्हे तर असं सगळ्यांचंच एकदा होतं म्हणून. पण त्यानंतर मी कुठलीही गोष्ट पाहायला गेले की आधी बांध शोधते.

तर भाच्याच्या कंपनीचा बांध शोधला. सादरीकरणाच्या तिसऱ्याच पानावर नकाशा होता. मधोमध कंपनीचा डोंगर आणि सभोवती तीन मोठ्या, चालू, नामांकित खाणी, प्रत्येकीच्या नावापुढं तिचे औंस ठळक लिहिलेले. पाहणाऱ्याचा डोळा आपोआप बेरीज करतो. जवळची खाण किती दूर ते मोजायला मी पट्टी घेतली, नकाशाचं प्रमाण लावलं. अठ्ठावीस किलोमीटर. म्हणजे लातुरातून औशाच्या पुढं. औशाच्या पलीकडच्या माणसाच्या विहिरीला पाणी आहे म्हणून मी लातुरात कर्ज द्यायचं! शेजारच्या मालमत्तेवरून या मालमत्तेबद्दल काही ठरवू नये, असं अहवालाच्या तेविसाव्या प्रकरणात स्वच्छ लिहिलंय. सादरीकरण बनवणाऱ्यांनी तेवढं प्रकरण वाचलं नसावं.

मग इतर हक्क. सात-बाऱ्यावर 'इतर हक्क' हा रकाना असतो. कुणाचा बोजा, कुणाची वाट, कुळ, सोसायटीचं कर्ज तिथं दिसतं. जमीन घेणारा हुशार माणूस आधी तोच रकाना वाचतो. इथंही तसा परिच्छेद होता. डोंगराच्या मूळ मालकाला विक्रीवर दीड टक्का, आणखी एका वित्त कंपनीला एक टक्का, नफा होवो न होवो, निघालेल्या धातूच्या रकमेवरून आधी द्यायचा. दाबून ठेवलेलं नव्हतं, फक्त सत्तेचाळिसाव्या पानावर होतं. जमिनीच्या हक्काबाबत आम्ही स्वतः खातरजमा केलेली नाही, कंपनीच्या वकिलावर विसंबलो, हे वाक्य तर आधीच्याच प्रकरणात. तज्ज्ञ प्रत्यक्ष जागेवर किती दिवस होता? दोन. मी हसले. मी तर एका विहिरीला वीस मिनिटं दिली होती.

आकड्यांशी मी सगळ्यांत जास्त रमले. एका छिद्राचा निकाल बातमीत असा दिला होता: तीस मीटर जाडीत टनाला सरासरी दोन ग्रॅम सोनं, त्यात एक मीटरमध्ये पन्नास ग्रॅम. भाच्याला पन्नास दिसले. मी वहीत मांडलं. तीस गुणिले दोन, साठ. त्यातले पन्नास त्या एकाच मीटरचे. उरलेल्या एकोणतीस मीटरला मिळून दहा, म्हणजे मीटरला जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम. एका मीटरची श्रीमंती तीस मीटरच्या अंगाला चोपडलेली. खोटं काहीच नाही, सरासरी बरोबर आहे. घरात एक जण क्लास वन अधिकारी आणि नऊ बिनकामाचे असले तरी माणशी उत्पन्न चांगलंच निघतं.

टनाला एक ग्रॅम म्हणजे किती हे आमच्या लोकांना झारेकरी सांगू शकला असता. माझी शेवटची शाखा गंजगोलाईच्या जवळ होती, सराफा गल्ली चालत पाच मिनिटांवर. पूर्वी भल्या सकाळी तिथं झारेकरी यायचे. सोनारांच्या दुकानातली, दुकानासमोरच्या गटारातली माती झाडून घ्यायचे, धुवायचे, पाऱ्यानं सोनं गोळा करायचे. माती फुकट मिळत नसे, सोनाराला पैसे मोजावे लागत. एका म्हाताऱ्या झारेकऱ्याला मी विचारलं होतं, कुठल्या दुकानाची माती घ्यायची हे कसं ठरवता? तो म्हणाला, "बाई, जिथं घडाई होते तिथली. नुस्ती विक्री करणाऱ्याची माती म्हंजे माती." आणि मग त्यानं मला पाण्याचा, पाऱ्याचा, कोळशाचा, दिवसभराच्या मजुरीचा हिशेब सांगितला आणि अमुक इतक्या गुंजांच्या खाली सापडणार असेल तर टोपली उचलतच नाही म्हणाला. अहवालात याला मर्यादा प्रत म्हणतात, इंग्रजीत कटऑफ, आणि त्यावर साडेसात पानं आहेत. टनाला एक ग्रॅम म्हणजे दहा क्विंटल दगड फोडून एक ग्रॅम. आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्यासाठी शंभर क्विंटल, आणि तेही सगळंच्या सगळं हाती लागलं तर.

ते सगळं हाती लागत नाही. सोनेतारण करताना आमच्याकडं बोरमाळ आली की बँकेचा सराफ वजन करायचा, मग कसोटीवर घासायचा, तेजाब लावायचा, आणि मग लाखेची वजावट धरायचा, कारण बोरमाळेच्या मण्यांत लाख भरलेली असते. तारण ठेवणाऱ्या बाईच्या तोंडावरचा भाव त्या क्षणी बदलायचा. तिच्या मनात बोरमाळ साडेतीन तोळ्यांची होती, कागदावर अडीच. खडकातलं सोनंही असंच. काही खडकांतून ते सहज सुटतं, काहींत गंधक-आर्सेनिकच्या खनिजांत असं कोंडलेलं असतं की साध्या सायनाइडनं बाहेर येत नाही. आधी भाजा, ऑक्सिजनखाली शिजवा, खर्च वाढवा. तेराव्या प्रकरणात चाचणीचा निकाल होता, ब्याण्णव टक्के सोनं मिळतं. छान. पण चाचणीला घेतलेले तिन्ही नमुने एकाच ठिकाणचे होते, मधल्या सगळ्यांत श्रीमंत पट्ट्यातले. माझ्या मते संबंध अहवालातली सगळ्यांत मोठी फट हीच होती. बोरमाळेतला एकच भरीव मणी घासून पाहण्यासारखं झालं हे.

चांदीचं गणित मी भरभर उलटलं. ते चांदीला भावाच्या प्रमाणात सोन्यात बदलून 'सोनेतुल्य औंस' करतात. उद्या मी तुरीला सोयाबीनतुल्य क्विंटल म्हणायला लागले तर आडतवाला मला चहा देईल आणि घरी पाठवेल.

ताळेबंद ही माझी जुनी जागा, तिथं कुणाच्या मदतीची गरज पडली नाही. पाच वर्षांत शेअरची संख्या चार कोटींवरून साडेअकरा कोटींवर गेलेली. डोंगर तोच, सोनं तेच. आमच्याकडं एका विहिरीवर चार भावांच्या पाळ्या असतात, पुढच्या पिढीत त्याच विहिरीवर अकरा पाळ्या, आणि मग कुणाची पाळी मंगळवारी रात्री दोन ते चार अशी येते, त्यातही लाइट नसते. या शिवाय स्वस्तात शेअर घ्यायचे हक्क संचालकांकडं होते ते वेगळेच. नवे पैसे कशावर खर्च झाले तेही पाहिलं. ड्रिलिंगवर जितके, जवळजवळ तितकेच पगार, प्रवास, परिषदा आणि जाहिरातीवर. त्यात चोरी नाही, लहान कंपनीला गुंतवणूकदार शोधावेच लागतात. फक्त दर वर्षी मारलेल्या छिद्रांचे मीटर कमी होत गेले होते आणि परिषदा वाढत गेल्या होत्या. ऑडिटरच्या शेवटच्या टिपेत होतं की पुढचा पैसा उभा राहिला नाही तर कंपनी चालू राहण्याबद्दल शंका आहे. अशी टीप या धंद्यात जवळपास सगळ्यांच्याच मागं असते असं भाचा म्हणाला. असेल. डायबेटिसही घरोघरी असतो.

जंगलपरवाने, तिथल्या गावकऱ्यांचा पाण्यावरून विरोध, सरकार बदललं तर काय, यांवर मी फार वेळ घालवला नाही. तिथली भाषा मला येत नाही, आणि जिथं मी बांधावर उभी राहू शकत नाही तिथं मत द्यायचं धाडस आता उरलं नाही.

मग मी कंपनीला ईमेल लिहिला. इंग्रजी भाच्याकडून तपासून घेतलं. प्रश्न दोनच. एक, गाभ्याचा उरलेला अर्धा भाग जपून ठेवला आहे का, आणि त्याचे फोटो मिळतील का? दोन, सोनं सुटण्याच्या चाचण्या कडेच्या पट्ट्यातल्या नमुन्यांवर कधी होणार?

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. फोटो होते. लांबलचक पत्र्याची शेड, फळ्यांवर पेट्यांच्या रांगा, प्रत्येक पेटीवर पत्र्याची चकती, आणि पेटीत चिरलेले गाभे, सपाट बाजू वर करून ओळीनं झोपवलेले. राखी, हिरवट, मध्येच पांढऱ्या गारेची रेघ. कितीतरी वेळ मी ते बघत बसले. कुठल्या तरी परक्या डोंगराची कुणीतरी इतकी निगुतीनं उस्तवार केली होती. आणि लातूरच्या एका बाईनं विचारलं म्हणून उठून फोटो काढून पाठवले होते. मला बरं वाटलं. आणि लगेच ताक आठवलं.

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर होतं, येत्या तिमाहीत.

भाच्याला मी एक पान लिहून दिलं, जुन्या पाहणी अहवालाच्या धाटणीत. जागा, हक्क, बोजा, नमुने, वसुली, खर्च. बँकेच्या फॉर्मवर शेवटी एक ओळ असायची, 'शिफारस आहे / नाही', आणि त्यातलं एक खोडायचं असे. ती ओळ मी लिहिली, खोडलं काहीच नाही.

"मावशी, शेवटची ओळ?"

"ती लिहायचा मला पगार होता बाबा."

तो चिडला. त्याला वाटलं मी हात झटकतेय. थोडं तसंही होतं. पण मला सापडलं होतं ते एवढंच की इथं उघड खोटं दिसत नाही. खोटं दिसत नाही म्हणजे खरं आहे असं नाही, आणि खरं असलं तरी फायद्याचं आहे असं नाही. या तीन पायऱ्यांतली पहिलीच मला घरबसल्या चढता आली होती. त्याला तिसरीवरून उडी मारायची होती. त्यानं पैसे टाकले नाहीत. चाचण्यांची वाट पाहतो म्हणाला.

पुढच्या दोन महिन्यांत तो शेअर जवळजवळ दीडपट झाला. कंपनीनं काही केलं म्हणून नव्हे, सोनं चढलं म्हणून. भरती आली की चिखलात रुतलेल्या होड्यासुद्धा तरंगतात. मला फोन आला नाही. संक्रांतीला तिळगुळाचा मेसेज आला, तोही फॉरवर्ड केलेला. त्याच्या आईनं मात्र मला ऐकवलं, "पोराचे तीन लाख गेले तुझ्यापायी." न घातलेल्या पैशावर न झालेला फायदा तोट्यात धरायची पद्धत मी तेहतीस वर्षांत कुठल्या खातेवहीत पाहिली नव्हती, पण बहिणीपुढं बोलून उपयोग नसतो.

उन्हाळ्यात तिच्या शेतात बोअर घ्यायचं ठरलं. आधीचे दोन कोरडे गेलेले. तिसऱ्यासाठी तिनं पाणाड्या आणला. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतभर फिरला, विहिरीजवळच्या लिंबापाशी नारळ उभा राहिला, तिथं त्यानं चुन्याची फुली मारली. भाचा सुट्टी काढून आला होता. मला वाटलं तो पाणाड्याशी हुज्जत घालणार. त्यानं विचारलं एवढंच, "तुम्ही दाखवलेले किती फेल गेले?" पाणाड्या म्हणाला, "फेल जात नाहीत, पाणी खाली सरकतं."

रात्री नऊला गाडी आली. तामिळनाडूची पाटी, तिरुचेंगोडची. निम्म्या भारताला भोकं पाडणारं गाव. पोरं तुटक हिंदी बोलत होती. कॉम्प्रेसर सुरू झाला तसा आधी मातीचा, मग मुरमाचा फुफाटा उडायला लागला, झाडं पांढरी झाली, आम्ही पदर तोंडावर धरून बांधावर बसलो. वीस फुटांचा एक रॉड आत गेला की भोकाच्या तोंडाशी साचलेला चुरा पोरं फावड्यानं बाजूला ओढत. भाचा मोबाइलच्या उजेडात गुडघ्यावर बसला होता. प्रत्येक रॉडला एक ओंजळ चुरा घ्यायचा, कॅरीबॅगेत भरायचा, मार्करनं वर आकडा लिहायचा: २०, ४०, ६०. काळा, मग पुन्हा काळा, ऐंशीला तांबडा गेरूसारखा पट्टा, मग पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या दगड, मग परत काळा. बांधावर पिशव्यांची रांग लागली.

"हे कशाला रे?" बहीण ओरडली, कॉम्प्रेसरवर आवाज चढवून. "पाणी लागलं तर दिसंलच की."

त्यानं उत्तर दिलं नाही. रिगवरचं एक पोरगं येऊन त्याच्या शेजारी बसलं आणि बॅटरी धरू लागलं. त्यानं तामिळमध्ये काहीतरी विचारलं, याला कळलं नाही, मग दोघं मिळून पिशव्या धरू लागले.

तीनशे साठला चुरा ओला आला. दीड इंची पाणी, असं एजंट म्हणाला. माझ्या अंदाजानं इंचभर असेल. बहिणीनं नारळ फोडला. पहाटे गाडी गेल्यावर भाचा बांधावर बसून एकेक पिशवी सोडत होता, चुरा अर्धा अर्धा करत होता, आणि दुसरी कॅरीबॅग घेऊन तिच्यावर तोच आकडा लिहीत होता. अठरा पिशव्यांच्या छत्तीस झाल्या. त्यातल्या अठरा त्यानं खताच्या पोत्यात भरल्या, माझ्या गाडीच्या डिकीत ठेवल्या.

"हे तुझ्याकडं ठेव, मावशी."

पोतं सध्या माझ्या बाल्कनीत आहे, कुंड्यांच्या मागं. कामाच्या बाईनं दोनदा विचारलंय, मातीच आहे ना, कुंड्यांत घालू का म्हणून.